रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’ लिहिलंय, म्हणजे नेमकं काय? लहान मुलांचा ब्लड कॅन्सर आणि जनुकांची खूण

अमळनेरकडचे एक शेतकरी मागच्या पावसाळ्यात माझ्या लॅबमध्ये आले. त्यांच्या चार वर्षांच्या मुलाचं रक्त दोन आठवड्यांपूर्वी मीच तपासलं होतं आणि ब्लड कॅन्सरची शंका आल्यामुळे त्याच रात्रीच्या गाडीने मुंबई गाठायला सांगितलं होतं. मुलगा आणि त्याची आई तिकडेच होती, हे पैशांची आणि रेशन कार्डाची सोय करायला गावी आले होते. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी चार घड्या घातलेला कागद काढला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ‘ईटीव्ही6-रनएक्स1 : पॉझिटिव्ह.’

“मॅडम, पॉझिटिव्ह शे ना? आते काय करानं?”

कोरोनापासून आपल्या लोकांनी ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाची धास्तीच घेतली आहे. गाडीत मोबाईलवर ‘म्युटेशन’ शोधून शोधून त्यांनी रात्र काढली होती, पोटात अन्नाचा कण नव्हता. आणि खरं सांगायचं तर त्या अख्ख्या पानावरची सर्वांत चांगली बातमी तीच ओळ होती. मी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि अर्धा तास समजावलं. तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे, कारण असा कागद घेऊन येणारे ते एकटे नाहीत.

## रक्त कुठे बनतं आणि बिघाड कुठे होतो

रक्त तयार होतं हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोमध्ये. रावेर-यावलकडच्या लोकांना केळीची टिश्यू कल्चरची रोपवाटिका माहीत आहे. मॅरो तशीच रोपवाटिका आहे. तिथे कोवळ्या पेशी तयार होतात, हळूहळू तयारीच्या होतात आणि मगच रक्तात उतरतात. लाल पेशी प्राणवायू वाहतात, पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात, प्लेटलेट रक्त थांबवतात.

ल्युकेमियात, म्हणजे ब्लड कॅन्सरमध्ये, एक कोवळी पेशी मोठी व्हायचंच सोडते आणि फक्त आपल्यासारख्या पेशी काढत सुटते. या अर्धकच्च्या पेशींना ब्लास्ट म्हणतात. रोपवाटिकेची सगळी जागा त्यांनी अडवली की कामाच्या पेशींना जागा उरत नाही. म्हणून मूल पांढरंफटक पडतं, ताप उतरत नाही, अंगावर न लागता निळे डाग उमटतात, हाडं दुखतात, खेळणारं मूल लंगडायला लागतं.

त्या मुलाची काचपट्टी मला अजून डोळ्यांपुढे दिसते. एरवी पट्टीवर पांढऱ्या पेशींचे चार-पाच प्रकार दिसतात, कुणाचं केंद्रक वाकडं, कुणाच्या पोटात दाणे. इथे जिकडे बघावं तिकडे एकाच घाटाच्या गोल जांभळ्या पेशी, केंद्रकाने काठोकाठ भरलेल्या. प्लेटलेट मात्र शोधाव्या लागत होत्या.

मुलांमध्ये होणाऱ्या कॅन्सरमध्ये ल्युकेमिया सर्वांत जास्त आढळतो. त्यातही चारातली तीन मुलं ‘एएलएल’ या प्रकारची असतात आणि हा प्रकार दोन ते पाच या वयात जास्त दिसतो. दुसरा प्रकार ‘एएमएल’. माझं बरंचसं बोलणं एएलएलबद्दल आहे.

## म्युटेशन म्हणजे काय

प्रत्येक पेशीत शरीराच्या सगळ्या कामांची कृती लिहिलेली असते. ती 46 खंडांत बांधलेली आहे, त्या खंडांना गुणसूत्रं म्हणतात. खंडातली एकेक कृती म्हणजे जनुक, अशी जवळपास 20 हजार. पेशी दुभंगताना हा सगळा मजकूर, सुमारे 600 कोटी अक्षरं, नव्याने उतरवला जातो. त्यात राहिलेली चूक म्हणजे म्युटेशन.

मुलांच्या ल्युकेमियात ही चूक बऱ्याचदा एका अक्षराची नसते. भुसावळच्या यार्डात दोन गाड्या उभ्या आहेत आणि शंटिंगमध्ये एका गाडीचे अर्धे डबे दुसऱ्या गाडीला जोडले गेले, असं काहीसं होतं. ‘ईटीव्ही6-रनएक्स1’ म्हणजे 12 नंबरच्या गाडीचा तुकडा 21 नंबरच्या गाडीला जोडला गेला. त्यातून एक जोडजनुक तयार होतं, जे निसर्गात कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि ते पेशीला भलतेच हुकूम देतं.

रोपवाटिकेत एका रोपात खोट निघाली आणि त्याच रोपापासून हजारो रोपं केली, तर सगळ्यांत तीच खोट उतरते. ब्लास्टचंही तेच. सगळे एकाच पेशीची पिल्लं, सगळ्यांवर तीच खूण. ही खूण फार उपयोगाची आहे, कारण नंतर तिच्यावरूनच त्यांना हुडकता येतं.

## “आमच्या सात पिढ्यांत कुणाला नाही”

हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं असेल. त्यामागे एक गैरसमज आहे, आणि तो आपल्या भागात येण्याचं कारणही आहे. नंदुरबार, अक्कलकुवा, धडगावकडे जनुकाचा आजार म्हटलं की लोकांना सिकलसेल आठवतो. त्यात रक्ताच्या जनुकातलं एक अक्षर बदललेलं असतं आणि ते आईवडिलांकडून मुलात येतं. दोघांकडून आलं तर आजार, एकाकडून आलं तर वाहक. अंगातल्या प्रत्येक पेशीत ते असतं. म्हणून लग्नाआधी तपासणी करा असं सांगतात.

ल्युकेमियातली चूक अशी वारशाने येत नाही. ती मुलाच्या अंगातल्या कोट्यवधी पेशींपैकी एका पेशीत, त्याच्या आयुष्यात कधीतरी घडते. मुलाच्या भावाबहिणींना, लग्नाला, पुढच्या पिढीला तिचा सहसा संबंध नसतो. थोड्या मुलांमध्ये जन्मजात कारण असतं, पण तो अपवाद, आणि तशी शंका आली तर डॉक्टर वेगळी तपासणी सांगतात.

आई हळूच विचारते, “गरोदरपणात माझं काही चुकलं का?” हा प्रश्न मला सर्वांत जास्त लागतो. काही देशांत जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या टाचेतून रक्ताचे ठिपके घेऊन ते कार्डावर जपून ठेवतात. ज्या मुलांना पुढे तीन-चार वर्षांनी ल्युकेमिया झाला, त्यांची जन्मावेळची कार्डं शास्त्रज्ञांनी काढून तपासली. कित्येकांच्या ठिपक्यांत तेच जोडजनुक आधीच होतं. म्हणजे पहिली चूक पोटात असतानाच झालेली. पण दुसऱ्या अभ्यासांतून हेही दिसलं की शंभरातल्या निदान एका निरोगी बाळाच्या रक्तात अशी पेशी असते, आणि त्यातल्या बहुतेकांना जन्मभर काहीही होत नाही. आजार व्हायला पुढे आणखी चुका त्याच पेशीत घडाव्या लागतात. आईने काय खाल्लं, कुठे गेली, ग्रहणात काय चिरलं, याने हे घडत नाही. त्या बाईला हे कुणीतरी तोंडाने, सगळ्यांसमोर सांगायला हवं.

## तांदुळजा की कुंदा

आता मूळ मुद्दा. खूण सापडली, पुढे काय?

निंदणीला गेलेल्या बाईला विचारा, सगळं तण सारखं असतं का? तांदुळजा हाताने ओढला की मुळासकट येतो. कुंदा तसा नाही. वरून कापला तर काळ्या जमिनीत खोल गेलेल्या मुळ्यांतून पुन्हा फुटतो, त्याला खोल नांगरावं लागतं. वरून दोन्ही हिरवंच. मायक्रोस्कोपखाली ल्युकेमियाचं असंच असतं. ब्लास्ट बघून मला ‘तण आहे’ एवढं कळतं, तण कुठलं ते जनुकांच्या तपासणीत कळतं. आजार पुढे कोणत्या वाटेने जाईल या अंदाजाला डॉक्टर प्रोग्नोसिस म्हणतात.

ईटीव्ही6-रनएक्स1 हा तांदुळजा. औषधांना तो लवकर दाद देतो. पाश्चात्त्य देशांत एएलएलच्या साधारण चारातल्या एका मुलात तो सापडतो, आपल्याकडच्या अनेक अभ्यासांत त्याहून कमी. दुसरी चांगली खूण म्हणजे ब्लास्टमध्ये 46 ऐवजी 51 किंवा जास्त गुणसूत्रं असणं. ऐकायला भयंकर वाटतं, पण अशा पेशींत मेथोट्रेक्सेट हे औषध जास्त साठतं आणि त्या लवकर मरतात. उलट गुणसूत्रं 44 पेक्षा कमी असतील, तर तो कुंदा. एक वर्षाच्या आतल्या बाळांत बहुतेक वेळा ‘केएमटी2ए’ या जनुकाची मोडतोड असते, तीही अवघड. अवघड आहे हे पालकांपासून लपवून काही साधत नाही. पण अवघड म्हणजे ‘आता काही नाही’ असाही अर्थ नाही. खोल नांगरट लागेल, म्हणजे जास्त जोराची औषधं, कधी बोन मॅरो बदलणं, एवढा त्याचा अर्थ.

आणि जनुक एकटं ठरवत नाही. मुलाचं वय एक ते दहा वर्षांच्या आत आहे का, पहिल्या तपासणीत पांढऱ्या पेशी 50 हजारांच्या आत होत्या का, मेंदूभोवतीच्या पाण्यात ब्लास्ट आहेत का, हेही बघतात. म्हणून तो पहिला, साधा सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, कागद कधी फेकू नका.

इथेच एक विनंती. बरेच दिवस ताप आणि सांधेदुखी म्हणून मुलाला गावात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं जातं. स्टेरॉइड हे ल्युकेमियाचंही औषध आहे. त्याने ब्लास्ट तात्पुरते कमी होतात, मूल चार दिवस खेळतं, आणि निदान लांबतं. नंतरचे रिपोर्टही गढूळ येतात. आधी काय काय दिलं, ते चिठ्ठीसकट मोठ्या दवाखान्यात सांगा.

## कुंद्याचा तांदुळजा झाला, ती गोष्ट

1960 मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात दोन संशोधकांना ल्युकेमियाच्या पेशींत 22 नंबरचं एक गुणसूत्र आखूड दिसलं. 1973 मध्ये जॅनेट राऊली यांनी दाखवलं की त्याचा तुकडा 9 नंबरच्या गुणसूत्राशी अदलाबदल झाला आहे. त्या अदलाबदलीतून ‘बीसीआर-एबीएल’ हे जोडजनुक तयार होतं. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरचं बटण आत अडकून बसलं तर मोटार बंदच होत नाही. हे जनुक म्हणजे ते अडकलेलं बटण. पेशीला ‘वाढ, वाढ’ असा हुकूम अखंड चालू राहतो.

एएलएलच्या शंभरातल्या तीन ते पाच मुलांत हे सापडतं, आणि एके काळी हा शब्द रिपोर्टवर दिसला की डॉक्टरांचा चेहरा उतरायचा. मग नेमकं ते बटण बाहेर ओढणारी गोळी आली, इमॅटिनिब. ती 2001 मध्ये मोठ्यांच्या एका ल्युकेमियासाठी बाजारात आली, पुढे मुलांनाही केमोबरोबर देऊन पाहिली. 2009 मध्ये छापलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात, तीन वर्षांनी आजार न उलटता राहिलेल्या मुलांचं प्रमाण आधीच्या 35 टक्क्यांवरून 80 टक्क्यांवर गेलं होतं. जनुक तेच, नाव तेच. बदललं ते औषध.

केएमटी2ए असलेल्या तान्ह्या बाळांचंही असं होऊ लागलं आहे. 2023 मध्ये छापलेल्या एका लहान अभ्यासात 30 बाळांना ब्लिनाटुमोमॅब हे औषध जोडून दिलं. हे औषध शरीरातल्याच लढाऊ पेशीचा हात धरून तिला ब्लास्टपर्यंत नेतं. दोन वर्षांनी आजारमुक्त बाळांचं प्रमाण पूर्वीच्या 49 टक्क्यांच्या जागी सुमारे 82 टक्के दिसलं. औषध महाग आहे, हेही इथेच सांगते.

एएमएलमधलं एक उदाहरण मला फार आवडतं. त्याच्या एका उपप्रकारात 15 आणि 17 या गुणसूत्रांची अदलाबदल होते. हा प्रकार पूर्वी रक्तस्रावाने काही दिवसांत जीव घ्यायचा. आज त्यावर अ जीवनसत्त्वापासून बनलेलं एक औषध तोंडाने आणि आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल, मोजून शिरेतून देतात. वेळेत पोचलेली बहुतेक मुलं बरी होतात. इथे तर जनुकाच्या नावावरूनच औषध पक्कं होतं.

म्हणून नेटवर जनुकाचं नाव टाकून वाचताना लेख कुठल्या सालचा आहे ते आधी बघा. पंधरा वर्षांपूर्वीचा आकडा पंधरा वर्षांपूर्वीच्या औषधांचा असतो.

## निंदून झाल्यावर माती चाळणं

पहिल्या महिन्याच्या औषधांनंतर मॅरो पुन्हा तपासतात. मायक्रोस्कोपखाली ती बहुतेकदा स्वच्छ दिसते. पण निंदलेलं शेतही स्वच्छच दिसतं, मुळ्या पहिल्या पावसानंतर कळतात. म्हणून ‘एमआरडी’ नावाची तपासणी करतात, म्हणजे उरलेल्या आजाराचा शोध. पेशींना चमकणाऱ्या खुणा लावून यंत्रातून एकेक पेशी जाऊ देतात. दहा हजार पेशींत एक ब्लास्ट असला तरी सापडतो. घरी अंदाज घ्यायचा असेल तर सुपात पाव किलोहून थोडी जास्त, 300 ग्रॅमच्या आसपास, दादर ज्वारी घ्या. त्यात साधारण दहा हजार दाणे असतात. त्यातला एक काळा दाणा वेचायचा.

रिपोर्टवर हे 0.01 टक्के असं लिहितात. त्याहून कमी आलं तर औषधांनी काम चोख केलं. जास्त आलं तर डॉक्टर औषधांचा जोर वाढवतात. माझ्या मते पालकांनी जनुकाच्या नावापेक्षा या आकड्याकडे जास्त लक्ष द्यावं. नाव सांगतं तण कुठलं, हा आकडा सांगतो आपल्या शेतात ते किती उरलं. चांगलं नाव असून एमआरडी वाईट येतो, वाईट नाव असून चांगला येतो, आणि तेव्हा हाच आकडा जास्त खरा ठरतो.

## “एवढ्या महाग टेस्ट कशाला? केमो तर द्यायचीच आहे ना!”

केमो द्यायची आहे, पण किती? कुंद्यासाठीची नांगरट तांदुळजाच्या शेतात केली तर उभं पीक जातं. जोराच्या केमोने जंतुसंसर्ग होतो, हृदयावर ताण येतो, पुढे मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो. चांगली खूण असलेल्या मुलाला कमी औषधांत बरं करता येतं, हा या तपासण्यांचा मोठा लाभ. शिवाय हे पहिले नमुने नंतर मागून मिळत नाहीत. औषध सुरू झालं की ब्लास्ट मरतात, मग खूण शोधायची कशात?

## “सदाफुली अंगणात आहे, तिचाच काढा दिला तर?”

प्रश्न चुकीचा नाही. व्हिन्क्रिस्टिन हे एएलएलचं मुख्य औषध खरोखर सदाफुलीतून मिळतं, 1963 पासून ते वापरात आहे. पण ते पाल्यात इतकं थोडं असतं की टनावारी पाल्यातून चिमूटभर निघतं. त्याच पाल्यात दुसरी विषारी द्रव्यंही असतात. काढ्यात काय उतरलं, किती उतरलं, कळत नाही. आधीच प्लेटलेट कमी असलेल्या मुलाला ते देऊ नका.

## “बिघडलेलं जनुकच दुरुस्त का करत नाहीत?”

बातम्यांत आलेली सीएआर-टी ही पद्धत लोकांना तशीच वाटते. ती ब्लास्टचं जनुक दुरुस्त करत नाही. रुग्णाच्या लढाऊ पेशी बाहेर काढून त्यांच्यात ब्लास्ट ओळखणारं नवं जनुक बसवतात आणि त्या परत अंगात सोडतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून तयार झालेली भारतीय उपचारपद्धती, नेक्सकार19, एप्रिल 2024 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते सुरू झाली. ती आजार उलटलेल्या रुग्णांसाठी आहे आणि तिला मिळालेली परवानगी 15 वर्षं आणि त्यापुढच्या वयाची होती. नव्याने निदान झालेल्या चार वर्षांच्या मुलाचा पहिला मार्ग आजही साधी, जुनी, वेळापत्रकाने दिलेली केमो हाच आहे.

आणि त्या साध्या केमोला कमी लेखू नका. 1948 मध्ये बोस्टनमध्ये मुलांचा ल्युकेमिया पहिल्यांदा औषधाने तात्पुरता हटला. ते औषध ज्या चमूने बनवलं तिचे प्रमुख आंध्रातले येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. 1960 च्या दशकात एएलएलच्या दहातलं जेमतेम एक मूल वाचायचं. आज प्रगत देशांत दहातली नऊ वाचतात, आणि त्यासाठी वापरलेली बरीचशी औषधं तीच जुनी, नीट मांडलेली.

## रिपोर्टवर न लिहिलेलं

आपल्याकडचा आकडा नऊच्या खाली राहतो, त्यामागे फक्त वाईट जनुकं नाहीत. उपचार अर्ध्यावर सुटतो आणि ताप आलेलं मूल उशिरा पोचतं, ही दोन मोठी कारणं आहेत.

एएलएलचा उपचार साधारण दोन ते अडीच वर्षं चालतो. पहिल्या महिन्यात मूल हसायला लागतं, केस पुन्हा येतात, आणि कापूस वेचणीला आला की घरात कुणीतरी म्हणतं, “आता तर बरं आहे, कशाला जायचं?” शेवटच्या दीड-दोन वर्षांत रोज 6-मर्कॅप्टोप्युरिनची गोळी आणि आठवड्याला एकदा मेथोट्रेक्सेट असतं. अमेरिकेतल्या एका अभ्यासात शंभरातल्या 95 पेक्षा कमी गोळ्या घेणाऱ्या मुलांत आजार उलटण्याचा धोका दुपटीहून जास्त दिसला. म्हणजे महिन्यात दोन गोळ्या चुकल्या तरी मोजल्या जातात.

इथे मुलाचं स्वतःचं, आईबापांकडून आलेलं जनुक कामाला येतं. ‘एनयूडीटी15’ नावाच्या जनुकात फरक असेल तर हीच गोळी नेहमीच्या मात्रेत सोसत नाही, पांढऱ्या पेशी फार खाली येतात. हा फरक आपल्या आशियाई लोकांत युरोपीय लोकांपेक्षा जास्त आढळतो. गोळीने मुलाच्या पेशी वारंवार घसरत असतील तर या तपासणीबद्दल विचारा. मात्रा कमी करून उपचार चालू ठेवता येतो, गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

ताप 100.4 च्या वर गेला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका. आपल्या तालुक्याला सर्वांत जवळचा कुठला दवाखाना शिरेतून अँटिबायोटिक देऊ शकतो, हे मुंबईहून परत येण्याआधीच ठरवून ठेवा.

येण्याजाण्याचं म्हणाल तर कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी जाताना रेल्वेच्या स्लीपर आणि थर्ड एसीत भाडं लागत नाही, सोबतच्या माणसाला 75 टक्के सूट मिळते. त्यासाठी दवाखान्याचा ठरावीक फॉर्म भरून घ्यावा लागतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आपल्याकडची कितीतरी कुटुंबं राहून आली आहेत. महात्मा फुले योजनेत केमो बसते, कागदं मात्र पहिल्याच दिवशी सोशल वर्करला दाखवा.

अमळनेरचे ते शेतकरी दिवाळीनंतर पुन्हा आले. मुलाचा एमआरडी 0.01 पेक्षा कमी आला होता. सीबीसीसाठी बोटात सुई टोचली तेव्हा मुलगा ओरडला, मग सुईकडेच बघत बसला. वडिलांनी पिशवीतून कॅलेंडर काढलं. गोळ्यांचा टप्पा अजून सुरू व्हायचा होता, पण पुढच्या वर्षाच्या प्रत्येक तारखेखाली त्यांनी निळ्या पेनाने आधीच एकेक चौकोन काढून ठेवला होता, खूण करायला. फक्त मेथोट्रेक्सेट कोणत्या वारी येणार ते त्यांना विचारायचं होतं. मी म्हटलं, तो वार मुंबईचे डॉक्टर ठरवतील, तोवर तेवढी जागा मोकळी ठेवा.